स्टेनोबाईंच्या चौदा वह्या

दुसऱ्या मजल्यावरच्या स्टेनोबाईंचं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. पोस्टमनसुद्धा जिन्यातूनच "स्टेनोबाई, पाकीट" अशी हाक मारतो. बत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत लघुलेखन केलं. म्हणजे साहेबांनी खुर्चीत रेलून बोलायचं, यांनी त्याच वेगाने वहीत वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या, आणि मग त्या रेघांची शहाण्यासारखी पत्रं टाईप करायची. सात साहेब आले, सात गेले. प्रत्येकाचं निरोपाचं भाषण बाईंनीच लिहून दिलं. सातही साहेब त्या भाषणात नेमके एकाच जागी गहिवरले, कारण तिथे कंसात "येथे किंचित थांबावे" असं लिहिलेलं होतं. हे त्यांच्या कचेरीतल्या शिपायाने सांगितलं. त्याला पदरचं तिखटमीठ लावायची सवय होती, पण बाईंनी कधी ते नाकारलं नाही.

रेघांची सवय घरातही. सामानाची यादी बाई रेघांतच करायच्या. एकदा घाईत त्यांनी ती यादी नवऱ्याच्या हातात दिली. नवरा पाणीखात्यात घरोघर जाऊन मीटर वाचायचा, म्हणून सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणतात. आयुष्यभर आकडे वाचल्यामुळे त्यांचं बोलणंही आकड्याएवढंच. ते निमूटपणे कागद घेऊन दुकानात उभे राहिले. दुकानदाराने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे औषधाचं दिसतंय, समोर जा." समोरच्या औषधवाल्याने खरोखरच खोकल्याची बाटली काढून दिली. मीटरसाहेब ती घेऊन घरी आले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"यादीत होतं," ते म्हणाले.

तर असं हे दोघांचं घर. तिथे एका रविवारी सकाळी फोन वाजला.

लेक दूरच्या शहरात असते, परक्या भाषेत नोकरी करते, आणि तिला सहा वर्षांची मुलगी आहे. त्या नातीला घरात ठिणगी म्हणतात. का म्हणतात, ते तिला पाच मिनिटं सांभाळलेल्या कुणालाही विचारा.

"आई, ठिणगीनं काल विचारलं, तुझी आजी कशी बोलायची? मी म्हटलं, अशी बघ... आणि तोंड उघडलं तर काही आलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आजी दिसते मला. चष्म्याला दोरा बांधलेला, खुर्चीत कलून बसलेली, तोंड चाललेलं. फक्त आवाज नाही येत. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवल्यासारखं."

"फोटो पाठवू का?"

"फोटो नको गं, फोटो आहेत." "तू तिचं सगळं लिहून घेतलं होतंस ना? त्या वह्या आहेत ना?"

"आहेत म्हणजे काय, चौदाच्या चौदा आहेत."

"मग वाच आणि रेकॉर्ड करून पाठव. एकदा मला तिच्यासारखं ऐकायचंय. ठिणगीलाही ऐकवायचंय. आणि तुझी लिपी तुझ्याशिवाय कुणाला येत नाही आई. तुझ्यानंतर त्या वह्या म्हणजे नुसती..."

"रद्दी," बाईंनी वाक्य पुरं केलं. साहेब अडले की शब्द पुरवायचा, ही जुनी सवय.

आता या वह्यांची हकिकत. आजी म्हणजे बाईंच्या सासूबाई, मीटरसाहेबांच्या आई. नावाड्याची मुलगी. नदीकाठी वाढल्या, बापाच्या नावेतच चालायला शिकल्या, आणि त्यामुळे की काय, म्हातारपणापर्यंत चालताना जरा डुलायच्या. अक्षरओळख नव्हती, पण जिभेला हाडही नव्हतं. सासू-सुनेचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. सून कचेरीत जाते, पत्रं लिहिते, साहेबाला तोंडावर चुका सांगते, याचा सासूबाईंना राग होता, आणि तेच त्या शेजारणींना छाती फुगवून सांगत. शेवटची दोन वर्षं कंबर मोडून त्या खुर्चीत बसल्या. त्यातल्याच एका संध्याकाळी सुनेला म्हणाल्या, "माझं डोकं गळायला लागलंय बघ. कालची गोष्ट आज सापडत नाही. पार रिकामं व्हायच्या आत काहीतरी भांडं लाव खाली."

मीटरसाहेबांनी हौसेने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला. सासूबाईंनी आधी त्यावर उशीचा अभ्रा घालायला लावला, मग तो खोलीबाहेर काढायला लावला. "माणसापुढे बोलेन, डब्यापुढे नाही," त्यांनी बजावलं. "डब्यापुढे माझी कवळी निसटते."

मग भांडं म्हणजे सूनच. कचेरीतून यायची, हातपाय धुवायची, चहा ठेवायची, आणि साडेसहाच्या ठोक्याला कोरी वही आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली घेऊन सासूपुढे बसायची. दिवसभर साहेबांचं डिक्टेशन, संध्याकाळी सासूचं. "लिहा, आता साहेबीण बोलते," असं म्हणून सासूबाई सुरू व्हायच्या. नदी, नाव, बाप, थोरली बहीण, पुरात वाहून आलेलं कुणाचं तरी दार, त्या दारावर बसून आलेला कोंबडा. दोन वर्षांत चौदा वह्या भरल्या आणि सासूबाई गेल्या.

"निवृत्त झाले की टाईप करीन," बाई सगळ्यांना सांगायच्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. टाईपरायटर दर आठवड्याला पुसला जायचा, पण कागद काही चढायचा नाही. इमारतीत लोक म्हणायचे, आळस, दुसरं काय. लोकांना काय बोलायला. खरं कारण असं की कचेरीत पत्र टाईप झालं की वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारायची, काम संपलं म्हणून. बाईंना सासूबाईंवर ती रेघ मारायची नव्हती.

पण लेकीने मागितलं म्हटल्यावर त्याच दुपारी ट्रंक खाली आली. बाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा पुसला, घसा साफ केला. मीटरसाहेब खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पहिली गोष्ट शेळीची. ही घराण्याची लाडकी गोष्ट. सासूबाई ती सांगायला लागल्या की जिन्यातली माणसं थांबून ऐकायची.

बाईंनी वाचलं, "दिनांक सोळा, वेळ सहा चाळीस. वडील नावाडी होते. एके दिवशी शाळा तपासनीस नावेतून पैलतीरी जात असता नावेतील शेळीने त्यांच्या पिशवीतील अहवालांचे भक्षण केले. तपासनीसांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. सदर शेळी आपली नसल्याचे वडिलांनी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. अहवाल उपलब्ध नसल्याने त्या वर्षी शाळेतील सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले."

पेपर खाली आला.

"आई असं बोलायची नाही," मीटरसाहेब म्हणाले.

"मजकूर तोच आहे."

"शेळीने भक्षण केलं?"

"खाल्लेच ना कागद? मग."

"ती काहीतरी वेगळं म्हणायची. त्या तपासनीसाबद्दल. सगळे पोट धरून हसायचे."

"काय म्हणायच्या?"

मीटरसाहेब खिडकीकडे वळले. "ते तुझ्या वहीत असेल म्हणून मी लक्षात नाही ठेवलं."

बाईंनी वहीकडे पाहिलं. वहीत ते नव्हतं. आणि नव्हतं, कारण बाई आपल्या कामात पक्क्या होत्या. लघुलेखनाच्या क्लासात मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साहेब खोकला तर खोकला लिहायचा नाही. साहेब अडखळला, शिवी दिली, तेच तेच तीनदा बोलला, तर कागदावर तो एकदाच बोलतो आणि तेही आंघोळ करून, केस विंचरून. साहेब म्हणतो, "त्या गाढवाला विचारा, कधी देतोय?" आणि आपण लिहायचं, "कृपया त्वरित कळवावे." बाईंच्या हाताखालून सात साहेब असे न्हाऊन-माखून बाहेर पडले. सासूबाईंनाही त्यांनी तोच मान दिला. अडाणी बाईचं बोलणं म्हणून कुणी नाक मुरडू नये, तपासनीसाच्या तोडीचं दिसावं, म्हणून ऐकता ऐकताच शब्द बदलत त्या लिहीत गेल्या. मनापासून केलेली चूक होती ती.

तरी त्यांनी शेळी पाठवली. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. ती हसत होती, पण जरा जपूनच.

"ठिणगी विचारते, पणजी पोलिसात होती का?"

बाईंनी फोन ठेवला आणि तडक खाली गेल्या. घरात सापडत नाही ते शेजारी सापडतं, या न्यायाने त्यांनी इस्त्रीवाल्याला गाठलं. सासूबाईंचे कपडे वर्षानुवर्षं त्याच्याच टेबलावरून गेलेले.

"आमच्या आई कशा बोलायच्या, आठवतं का रे तुला?"

"आठवतं म्हणजे? अजून दचकतो मी." इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली, मान ताठ केली आणि खर्जात आवाज काढला, "'काय रे, या बाहीला दोन घड्या कशाला? तुझ्या घरी एका हाताला दोन कोपरं असतात का?'"

जिन्यावरून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उतरत होत्या. त्यांनी सासूबाईंना शेवटचे सहा महिने इंजेक्शनं दिलेली. त्या तिथेच थबकल्या. "इतका जाडा आवाज कुठे होता त्यांचा? मधासारख्या बोलायच्या. मला म्हणायच्या," आणि नर्सबाईंनी मान तिरकी करून आवाज लाडीक केला, "'पोरी, तुझा हात हलका आहे गं, फक्त सुईला तेवढं सांग.'"

"ही कुठली म्हातारी?" इस्त्रीवाला म्हणाला. "ही तर सिनेमातली."

"तुझी तरी कुठली? तो तर हवालदार."

समोरचा शिंपी, जो एका कानाने ठार बहिरा आणि दुसऱ्याने सोयीपुरता, हातातलं माप टाकून पुढे आला. त्याने सासूबाई ऐकल्याच नव्हत्या कधी. पण कपडा बिघडला की त्यांचं तोंड कसं व्हायचं, ते त्याने करून दाखवलं, आवाजाशिवाय. आणि गंमत म्हणजे तिघांत त्यालाच जास्त जमलं. नर्सबाईंना हसू आवरेना. इस्त्रीवाल्याची एक बाही करपली. कुणाची होती ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ज्याची होती त्याला अजून कळलेलं नाही.

बाई घरी आल्या आणि खुर्चीत बसून फोनपुढे शेळीची गोष्ट इस्त्रीवाल्याच्या खर्जात सांगू लागल्या. मीटरसाहेबांनी दोन वाक्यं ऐकली, उठले आणि खिडकी लावून घेतली.

"हा इस्त्रीवाला बोलतोय," ते म्हणाले.

बाईंनी आवाज लाडीक केला.

"या नर्सबाई."

"मग तुम्ही बोला ना. तुमचीच आई ना ती? जन्मभर कानाशी बोलत होती तुमच्या."

"मला नक्कल नाही येत," मीटरसाहेब म्हणाले आणि पेपर वर केला.

बाईंनी तो दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मीटरसाहेबांच्या ते लक्षात यायला संध्याकाळ झाली.

पुढच्या दिवसांत बाई एकट्याच वह्या चाळत राहिल्या. नुसतं वाचलं तरी काहीतरी हाती लागेल असं त्यांना वाटत होतं, आणि लागत होतं ते भलतंच. थोरल्या बहिणीची गोष्ट सासूबाईंनी चारदा सांगितली होती. लग्न होऊन ती पैलतीरी निघाली तेव्हा बापानेच तिला नावेतून नेलं, आणि धाकटी म्हणून सासूबाई नावेच्या टोकाला बसल्या होत्या. दुसऱ्या वहीत ती सगळी उतरलेली. मध्यावर आल्यावर बापाने वल्ही वर घेतली आणि नाव तशीच वाहू दिली, इतकंही लिहिलेलं. पाचव्या वहीत मात्र एवढंच, "थोरल्या बहिणीची हकिकत. वही दुसरी, पान सतराप्रमाणे." नवव्या वहीत, "पूर्वीप्रमाणे." आणि तेराव्या वहीत, "पूर्वीप्रमाणे. किरकोळ बदल."

बाई त्या दोन शब्दांवर एक अख्खी दुपार बसल्या. किरकोळ बदल. काय बदल होते ते? शेवटच्या खेपेला म्हातारीने काय नवीन सांगितलं? बहीण काही बोलली होती का? धाकटीने तिचा हात धरला होता का? साठ वर्षं पोटात ठेवलेलं काहीतरी त्या दिवशी बाहेर आलं असेल, आणि समोर बसलेल्या हुशार सुनेने पेन्सिल वाचवली. आठवायचा प्रयत्न केला की बाईंना फक्त चहाच्या कपाच्या तळाशी राहिलेला गाळ दिसे आणि सासूबाईंचे हलणारे ओठ. आवाज बंद केलेला टीव्ही आता त्यांच्याही घरात आला होता.

अक्षरं बारीक, म्हणून त्यांनी भिंग आणलं. आणि भिंगाखाली त्यांना गोल दिसले.

हे गोल त्यांनीच काढलेले होते. डिक्टेशन देता देता साहेबाचा फोन वाजला किंवा तो शिपायावर ओरडला, की पेन्सिल उचलायची आणि त्या जागी इवलासा गोल काढायचा. साहेब परत मजकुरावर आला की गोलाच्या पुढून सुरू. म्हणजे फालतू बोलणं मजकुरात शिरत नाही आणि धागाही तुटत नाही. कचेरीत पानाला एखादा गोल पडायचा. या वह्यांत सुरुवातीला पानाला दोन-तीन, आठव्या वहीपासून सहा-सात, आणि चौदाव्या वहीत तर एक ओळ मजकूर, तीन गोल, अर्धी ओळ, परत गोल. नदीवर पावसाचे थेंब पडावेत तशी ती पानं.

आधी त्यांना वाटलं, म्हातारी दमत होती. मग हातातलं भिंग त्यांनी खाली ठेवलं.

दमत नव्हती. गोलात होतं ते मजकुराबाहेरचं. आणि मजकुराबाहेरचं म्हणजे सासूबाई समोर बसलेल्या बाईंशी जे बोलल्या ते. गोष्टी सगळ्या घराण्याच्या होत्या. लेकीच्या, नातीच्या, अजून न जन्मलेल्यांच्या. त्या नीट उतरल्या. गोलातलं तेवढं एकट्या सुनेचं होतं, आणि ते तिनेच लिहिलं नाही. का लिहील? साहेबाने "बसा" म्हटलं तर कुठली स्टेनो "बसा" असं लिहून घेते?

त्यांनी गोल मोजायला घेतले. चारशेच्या पुढे गेल्यावर थांबल्या.

आठवडा गेला. लेकीला काहीच पोहोचलं नाही, तेव्हा तिनेच फोन केला.

"काय झालं गं? पाठवत का नाहीस?"

"अक्षर लागत नाही," बाई म्हणाल्या. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. पेपरमागून मीटरसाहेबांनीही डोकं वर काढलं.

"तुझं तुला लागत नाही?"

"लागतं. पण त्यात त्या नाहीत. मी त्यांना वगळूनच लिहिलंय सगळं."

लेक म्हणाली, "रेकॉर्डिंगचं राहू दे. फोन तसाच ठेव आणि जसं आहे तसं वाच. मी ऐकते. ठिणगी आहे इथे, मांडीवर."

"भक्षण वगैरे असेल बघ."

"असू दे."

बाईंनी चौदावी वही उघडली. फोन साखरेच्या डब्याला टेकवला. त्यात लेक आणि ठिणगी, दोघींचे चेहरे एकाला एक चिकटलेले. मीटरसाहेब पलीकडे पेपरमागे.

"वेळ सहा पंचेचाळीस," बाईंनी सुरुवात केली. "नदीचे पाणी उतरल्यावर काठावर चिखल राही. चिखलात पायांचे ठसे उमटत. वडील ठशांवरून माणूस ओळखत." त्या थांबल्या. "इथे गोल आहे."

"गोल म्हणजे काय?" ठिणगीने विचारलं.

"इथे पणजी माझ्याशी काहीतरी बोलली. मी लिहिलं नाही."

"काय बोलली?"

बाईंनी त्या गोलावर भिंग धरलं.

"पाय वर घे," पेपरमागून आलं.

बाई वळल्या. "काय?"

"इथे ती तुला म्हणाली, पाय वर घे, फरशी गार आहे."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर पेपर वाचत असायचात."

मीटरसाहेबांनी पेपराची घडी केली, परत उलगडली. "पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा," ते म्हणाले.

साडेसहा ते साडेसात, दोन वर्षं, हा माणूस शिळा पेपर तोंडासमोर धरून बसला होता. बाईंना त्यावर काहीतरी खोचक बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचली. "थोरल्या बहिणीचा ठसा वडील बोटाने पुसत नसत, पाणी येऊन पुसेपर्यंत तसाच ठेवत. गोल."

"पाय वर घे."

"परत तेच?"

"तू परत खाली सोडायचीस."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मन राखायला बोलतोय का हा? पण या माणसाने उभ्या नोकरीत एकही आकडा मनाने टाकला नव्हता. घर बंद असलं की इतर मीटरवाले अंदाजाने लिहून मोकळे व्हायचे. हे तीन-तीन खेपा घालायचे आणि तरी कुलूप असलं तर कोरं सोडायचे.

"कशा म्हणायच्या?" बाईंनी हळूच विचारलं. "म्हणून दाखवा."

"नक्कल नाही येत मला."

"नक्कल नको. नुसतं म्हणा."

मीटरसाहेबांनी पेपर बाजूला ठेवला. बायकोच्या पायांकडे पाहिलं. तळवे फरशीवर टेकलेले होते. आणि त्यांच्याकडे पाहतच, जरा चिडून, जरा कंटाळून, जसं शंभरदा सांगूनही न ऐकणाऱ्याला एकशे एकाव्या वेळी सांगतात तसं ते म्हणाले, "पाय वर घे गं बाई, फरशी गाऽर आहे." तो 'गार' मध्यावर सोडलेल्या नावेसारखा लांबला, हेलकावला, आणि मग कुठेतरी काठाला लागला.

फोनमधून लेकीचा श्वास ऐकू आला. "बाबा," ती म्हणाली. "अशीच. परत म्हणा."

त्यांनी परत म्हटलं. या वेळी ते मीटरसाहेबच होते. त्यांनाही ते कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला, आणखी काळजीपूर्वक, आणि ते आणखी बिघडलं.

"आधीचं," लेक म्हणाली. "आधीचं तिचं होतं."

"हे रेकॉर्ड झालं का?" बाईंनी घाईघाईने विचारलं.

"नाही गं. नुसता व्हिडिओ कॉल आहे हा."

मग ठिणगी म्हणाली, "फरशी गार असली तर काय होतं?"

"पाय दुखतात," बाई म्हणाल्या. "मग माणूस कचेरीत लंगडत जातं." त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्या गोलाशेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं, पाय वर घे गं बाई, फरशी गार आहे. रेघांत नाही. शाळेत शिकवतात त्या ठसठशीत अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असं. 'गार' किती लांबवायचा ते मात्र लिहिता येईना. त्यांनी 'गा'पुढे एक अवग्रह, आवाज लांबवायची ती ऽ खूण, काढला, मग आणखी एक काढला, आणि मग पेन्सिल उचलली.

"पुढे वाच," मीटरसाहेब म्हणाले.

"पाणी येऊन ठसा पुसला की वडील घरी येत आणि जेवायला बसत." त्या थांबल्या. "गोल."

मीटरसाहेबांनी डोळे मिटले. बाईंनी वाट पाहिली. फोनमधल्या दोघींनीही पाहिली.

"हे नाही ठाऊक," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा मी नळ बंद करायला उठलो असेन."

बाईंनी तो गोल कोरा सोडला. पण लगेच पुढे गेल्या नाहीत. पेन्सिल उचलून धरल्यावर म्हातारीचं बोलून होईपर्यंत जेवढं थांबावं लागायचं, तेवढ्या थांबल्या. मग पुढची ओळ घेतली. वहीची अकरा पानं राहिली होती. एके काळी मिनिटाला शंभर शब्दांचा वेग असलेल्या बाई ती साठाच्या वेगाने वाचत होत्या, मग चाळिसाच्या, आणि पान उलटायची वेळ आली तेव्हा वेग मोजण्यासारखा राहिलाच नव्हता.